अँबॅसिडरच्या हीटरचा कॉक गळतोय, दुरुस्त करू की काढून पट्टी मारू?

मार्कटू_सातारा | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमच्याकडं १९७२ ची अँबॅसिडर आहे, मार्क टू, बारीक चौकड्यांच्या जाळीची. अण्णांनी ती पाचगणीच्या एका गृहस्थांकडून घेतली, त्यांनी तिकडच्या थंडीसाठी हीटर बसवून घेतला होता म्हणून आमच्या गाडीला तो आहे, नाहीतर आपल्याकडच्या बहुतेक अँबॅसिडरना हीटर नसतोच. अण्णा डॉक्टर होते, तालुक्यातल्या सगळ्या व्हिजिटा याच गाडीनं केल्या. ते गेले त्याला चार वर्षं झाली, आता गाडी माझ्याकडं आहे आणि दर रविवारी मी ती काढतोच.

आता अडचण सांगतो. इंजिनच्या हेडला मागच्या बाजूला हीटरचा पितळी कॉक आहे, म्हणजे इंजिनचं गरम पाणी हीटरकडं सोडायचा नळ, दोन स्टडवर (हेडमध्ये रोवलेल्या आट्यांच्या दांड्यांवर) बसवलेला. महिनाभर तिथून पाणी गळतंय. गार असताना कोरडं, गाडी गरम झाली की थेंब थेंब चालू होतं आणि ब्लॉकवरून ओघळून खाली शहाबादी फरशीवर हिरवा डाग. पंधरा दिवसांत लिटरभर पाणी टाकावं लागतंय. ओळखीचे मिस्त्री म्हणाले कॉक काढून टाका, हेडला पट्टी मारू, हीटरच्या परतीच्या पाइपाला बूच मारू, विषय संपला. पण मन होत नाही. डिसेंबरात आईला आणि मावशीला याच गाडीनं महाबळेश्वरला न्यायचं कबूल केलंय.

कुणी हा कॉक दुरुस्त केलाय का? नवीन घ्यावा तर कुठं मिळतो?

घाटवाट | रविवार, रात्री ९:३२

मिस्त्री बरोबर सांगतायत. पट्टी मारा आणि मोकळे व्हा. आपल्या हवेत हीटर लागतोच कशाला, महाबळेश्वरला शाल पुरते. जुन्या गाडीत गळायच्या जागा जितक्या कमी तितकं बरं.

पाचगणीची_लेक | रविवार, रात्री ९:५०

@घाटवाट, नाही पटलं. आमचं घरच पाचगणीत, माझं निम्मं आयुष्य पसरणी घाटात गेलंय. हीटर थंडीपेक्षा काचेसाठी लागतो. महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जुलै-ऑगस्टमध्ये धुकं इतकं की पुढचा टेम्पो दिवे लावूनसुद्धा दिसत नाही, त्यात गाडीत चार माणसं ओल्या कपड्यांनी बसली की आतून काच पांढरी होते. एका हातानं फडकं मारत घाट चढलाय का कधी? मी चढलेय, बाबांच्या शेजारी बसून फडकं मारायचं काम माझंच असायचं. गरम हवा काचेवर आली की दोन मिनिटांत काच स्वच्छ. हीटर असताना तो बंद करून टाकायचा हे मला अजिबात मान्य नाही.

घाटवाट | रविवार, रात्री १०:०४

ताई, काचेचा मुद्दा मान्य. पण ते पावसाळ्यात. हे डिसेंबरात चाललेत, आणि वाटेत तो कॉक फुटला तर आई-मावशींना घेऊन घाटात उभं राहायचं का, हा माझा मुद्दा आहे.

ग्लँडदोरी | सोमवार, सकाळी ६:४०

मी किर्लोस्करवाडीला पंपांच्या फिटिंगवर होतो, आता रिटायर. गाड्यांचा मिस्त्री नाही, पण कॉक, व्हॉल्व्ह, ग्लँड यातच जन्म गेला म्हणून लिहितो.

आधी गळतंय नक्की कुठून ते बघा की. "कॉक गळतोय" म्हणून कॉक बदलायचा हे चुकीचं. जागा चार असतात. एक, कॉक आणि हेडच्या मधलं पॅकिंग. दोन, कॉकच्या दांडीची ग्लँड, म्हणजे फिरवायची दांडी जिथून बाहेर येते ती जागा. तीन, पाइपची क्लिप, किंवा क्लिपखाली चिरलेला पाइप. चार, पितळेची बॉडीच चिरलेली. पहिल्या तीनचा खर्च चहापाण्याइतका असतो, चौथी असली तरच नवीन कॉक.

ओळखायचं असं. इंजिन गार असताना सगळा भाग कपड्यानं कोरडा करा, ब्रशनं जुनी हिरवी-पांढरी पापडी काढून टाका. मग पांढऱ्या खडूची बारीक पूड करून कॉक, फ्लँज (कॉकची हेडला टेकणारी चपटी बाजू), पाइपचं तोंड सगळीकडं भुरभुरवा. वर्कशॉपला आम्ही जोडाची गळती खडू आणि रॉकेलनं बघायचो, त्यातलंच हे. आता गाडी चालू करा, गरम होऊ द्या आणि बॅटरी घेऊन बघत बसा. पहिली ओली रेघ जिथं उमटेल ती जागा. पाणी वरून गळून खाली साठतं त्यामुळं थेंब पडतो तिथं दोष असतो असं नाही.

आणि कॉक कुठल्या पद्धतीचा आहे ते कळवा. केबलवर चालणारा की हातानं फिरवायचा?

हळदीचं_गाव | सोमवार, सकाळी ८:१५

सांगलीहून नमस्कार. आमच्या ट्रकवाल्यांचा जुना उपाय सांगतो, रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद. बारीक भोक असलं तर बुजून जातं. माझ्या चुलत्यांनी तर एका हळदीवर गुलबर्ग्यापर्यंत गाडी नेली होती. आणि हळद आमची, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली :)

ग्लँडदोरी | सोमवार, सकाळी ८:५०

@हळदीचं_गाव, रस्त्यात अडकलात, दुसरा इलाज नाही, तर करा, घरी पोचाल. पण यांच्या गाडीत टाकू नका. हळद भोक बघून बसत नाही, जिथं वाट अरुंद असेल तिथं बसते. हीटरच्या डब्यात आतल्या नळ्या बारीक असतात, पहिल्यांदा त्याच तुंबतील. मग कॉक चांगला असून गरम हवा येणार नाही. बाजारात मिळणाऱ्या गळती बंद करायच्या पावडरीचंही तेच.

हळदीचं_गाव | सोमवार, सकाळी ९:०२

काका, बरोबर आहे. चुलत्यांच्या ट्रकला हीटर नव्हता, हा विचार मी केलाच नव्हता.

कराडचे_मास्तर | सोमवार, दुपारी १:२०

थोडं फिजिक्स, कारण "थेंबथेंब तर गळतंय" म्हणून लोक घाट चढतात आणि मग बोनेटमधून वाफ. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशाला उकळतं. महाबळेश्वर साधारण १३७० मीटर उंच, तिथं साधं पाणी ९५-९६ लाच उकळतं. गाडीतलं पाणी तरी उकळत नाही ते रेडिएटरच्या टोपीमुळं, टोपी दाब धरून ठेवते, अगदी कुकरच्या शिट्टीसारखं. ७ पौंडाची टोपी असेल तर त्या उंचीवरही पाणी १०७-१०८ पर्यंत दम धरतं. पण कॉकमधून गळती असेल तर दाब टिकत नाही, म्हणजे कुकरची रिंग फाटल्यासारखं. मग ते दहा-बारा अंश हातातून गेले. म्हणून गळती किती लिटरची आहे त्यापेक्षा दाब राहतोय का हे महत्त्वाचं.

आणि कृपा करून गरम गाडीची टोपी कुणी उघडू नका. दाब एकदम सुटला की सगळं पाणी त्याच क्षणी उकळून बाहेर येतं. माझ्या डाव्या हाताला कोपरापर्यंत डाग आहे, खंबाटकीत मिळालेला, अठ्ठावीस वर्षं झाली.

घाटवाट | सोमवार, दुपारी १:४५

अवांतर: घाटात तापमानाचा काटा वर जायला लागला की हीटर पूर्ण चालू करायचा आणि पंखा फुल, ही युक्ती इथं किती जणांनी वापरलीय? हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच.

पाचगणीची_लेक | सोमवार, दुपारी २:०५

बघा, आता तुम्हीच हीटर ठेवायच्या बाजूनं बोलताय :) बाबा मे महिन्यात पसरणी घाटात हेच करायचे. आम्ही मागं घामाघूम, पण गाडी कधी उभी राहिली नाही.

१२३_डिझेल | सोमवार, संध्याकाळी ७:३०

माझी जुनी मर्सिडीज आहे, १२३ बॉडी. तिच्यात हीटरचा व्हॉल्व्ह विजेवर चालतो आणि आतली रबरी पडदी फाटते. करंट गेला की व्हॉल्व्ह उघडाच राहतो, त्यामुळं सांगलीच्या मे महिन्यात पायावर गरम हवा. दोन उन्हाळे मी इंजिनची धग समजून काढले. आतला फक्त गाभा मिळतो, तो बदलला, बॉडी जुनीच. सांगायचा मुद्दा, कॉक बाहेर गळतोय का ते बघता तसं आत पूर्ण बंद होतोय का तेही बघा. कॉक बंद करून हीटरकडं जाणारा पाइप हाताला लावून बघायचा, गार राहिला पाहिजे.

मार्कटू_सातारा | मंगळवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. मुलीच्या शाळेच्या दप्तरातला खडू घेऊन आज ऑफिसवरून आल्यावर बसलो. ग्लँडदोरी काका, तुमची रीत फार उपयोगी पडली. गाडी गरम व्हायला बारा मिनिटं लागली, मग फ्लँजच्या खालच्या कडेला पहिली ओली रेघ उमटली. मी म्हणलं सापडलं, बंद करणार तेवढ्यात वर दांडीच्या नटाभोवतीसुद्धा खडू काळपट झाला. म्हणजे दोन जागा. क्लिपा कोरड्या.

कॉक हातानं फिरवायचा आहे, बोनेट उघडून. थंडीत उघडायचा, उन्हाळ्यात बंद, केबल नाही. वर छोटी मूठ, खाली षटकोनी नट, त्यातून दांडी. फ्लँजला कोपऱ्यात कुणीतरी पूर्वी काळं काहीतरी फासलंय.

ग्लँडदोरी | बुधवार, सकाळी ६:२५

वा, म्हणजे हा घरातला नळच झाला. आत दांडीला खाली रबरी वायसर, ती सीटवर बसली की बंद. वर ग्लँड. यात न होण्यासारखं काही नाही.

वरचा षटकोनी नट म्हणजे ग्लँड नट. आधी तो पाव आटा आवळून बघा. कधी कधी तेवढ्यावर थांबतं. थांबलं नाही किंवा मूठ फिरायला फार जड झाली तर आतली, दांडीभोवती पाणी अडवणारी दोरी मेली असं समजा.

कॉक काढायच्या आधी पाणी सगळं काढायची गरज नाही, हेडच्या खाली पातळी येईल इतकं रेडिएटरच्या खालच्या तोटीतून काढा, स्वच्छ भांड्यात धरा. स्टडचे नट सरळ खोलायला जाऊ नका. पन्नास वर्षांचा गंज आहे, स्टड मोडला तर हेडमध्ये ड्रिल मारावं लागेल. दोन दिवस गंज सोडवायचं तेल सकाळ-संध्याकाळ टाका, मग पाना आधी आवळायच्या बाजूला केसभर, नंतर सोडायच्या बाजूला.

ग्लँडची जुनी दोरी टोकाला वाकवलेल्या तारेनं उकरून काढा. नवीन दोरी ग्राफाइटची किंवा पीटीएफईची (टेफ्लॉनची) घ्या, शेतीपंपाच्या दुकानात मिळते. जुनी कुणी ॲस्बेस्टॉसची दिली तर घेऊ नका, आणि आतून निघेल ती भिजवून काढा, कोरडी उडवू नका. दोरी स्क्रूसारखी गुंडाळायची नाही. दांडीवर धरून तिरपी कापायची, एकेक कडी वेगळी, आणि प्रत्येक कडीचा जोड आधीच्या जोडाच्या समोरच्या बाजूला. दोन किंवा तीन कड्या बसतील. पंपाची ग्लँड आम्ही मुद्दाम थोडी टिपकत ठेवतो, शाफ्ट फिरत असतो त्याला गारवा लागतो. तुमची दांडी वर्षातून दोनदा फिरणार, तिथं एक थेंबही नको.

केबलवाला | बुधवार, सकाळी १०:४०

दोरीच्या ऐवजी ओ रिंग टाकली तर? हायड्रॉलिकच्या दुकानात कुठल्याही मापाची मिळते.

ग्लँडदोरी | बुधवार, सकाळी ११:१५

ओ रिंगला खाच लागते, दोरीच्या जागेत ती नुसती चेंगरते. दुसरं, हायड्रॉलिकच्या दुकानात काळी रिंग दिली की ती बहुतेक नायट्राइल असते, तेलाला उत्तम, पण गरम पाणी आणि कूलंटमध्ये कडक होते. पाण्याला ईपीडीएम रबर मागा. खालची वायसरसुद्धा ईपीडीएमचीच करा. मात्र ईपीडीएमला साधं ग्रीस किंवा तेल लावू नका, फुगतं, लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस.

मिरजेची_मनी | बुधवार, दुपारी ३:३०

फ्लँजबद्दल मी सांगते. माझ्या वडिलांचं मिरजेत छोटं गॅरेज होतं, शाळेतून आले की मी तिथंच. असे दोन बोल्टांचे फ्लँज गळायला लागले की लोक नट आवळत जातात, मग दोन्ही कान, म्हणजे बोल्टांच्या बाजू, हेडकडं वाकतात आणि मधला भाग वर उचलला जातो. जितकं आवळाल तितकं गळणार. ते काळं फासलंय म्हणालात ना, त्याअर्थी आधी कुणाचा तरी हात फिरून गेलाय. फ्लँज नक्की वाकडा असणार.

बाबा काय करायचे, खिडकीची जाड काच टेबलावर आडवी ठेवायची, तिच्यावर पॉलिश पेपर, थोडं पाणी. फ्लँजच्या तोंडावर पेननं आडव्या-उभ्या रेघा मारायच्या. मग कॉक दोन बोटांनी धरून मराठी चार काढल्यासारखा पेपरवर फिरवायचा, जोर द्यायचा नाही. दर वीस फेऱ्यांनी उचलून बघायचं. आधी फक्त कानांवरच्या रेघा जातात, मधल्या तशाच. मधली शेवटची रेघ गेली की फ्लँज सरळ. मला तो आवाज अजून आठवतो, सुरुवातीला खरखर आणि शेवटी गुळगुळीत झाल्यावर नुसती सळसळ.

पॅकिंग विकत मिळणार नाही, मिळालं तरी कापून घेतलेलंच बरं. पॅकिंग पेपर फ्लँजवर दाबून धरायचा आणि छोट्या हातोडीच्या गोल बाजूनं कडेकडेनं हलकं ठोकत जायचं, पेपर कडेवर आपोआप कापला जातो. आधी दोन्ही भोकं, त्यात बोल्ट घालून पेपर पक्का करायचा, मग बाकीचं. हेडवर मात्र ठोकू नका, कॉकवरही अगदी हलक्या हातानं. नट दोन्ही बाजूला थोडे थोडे आळीपाळीनं, एक गाडी गरम-गार झाली की परत एकदा बघायचं.

मार्कटू_सातारा | बुधवार, रात्री ९:४०

मनीताई, वाचून अगदी समोर बसून शिकवल्यासारखं वाटलं. शनिवारी करतो.

पाचगणीची_लेक | गुरुवार, सकाळी ७:५५

एक सांगायचं राहिलं. हिरवं कूलंट काढताना ताटलीत, बादलीत उघडं ठेवू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडनी निकामी होऊन मरतात. आमची एक मांजर अशीच गेली. फरशीवरचा डागसुद्धा रोज भरपूर पाण्यानं धुवा.

केबलवाला | गुरुवार, सकाळी ११:३०

नवीन कॉकबद्दल धागाकर्त्यांनी विचारलं होतं ते मागं राहिलं. अँबॅसिडरचं १४८९ सीसी इंजिन बीएमसी या इंग्लिश कंपनीच्या बी सिरीजचं, त्याच घराण्याचं इंजिन एमजीबी या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीला आहे, आणि त्या गाडीचे सुटे भाग इंग्लंडमध्ये अजून मिळतात. पण तिचा कॉक केबलचा असतो. मागवण्याआधी दोन स्टडमधलं अंतर आणि पाइपचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते मोजा. मी मागवलेला नवीन कॉक दीड वर्षात दांडीतून गळायला लागला, आणि त्याला ग्लँडच नाही, दुरुस्त होत नाही. जुनं पितळ वाचत असेल तर वाचवा.

मार्कटू_सातारा | शनिवार, रात्री ११:०५

झालं! सविस्तर लिहितो.

ग्लँड नट पाव आटा आवळून बघितला, मूठ हलेना, म्हणून काढायचं ठरवलं. एक नट सहज निघाला. दुसऱ्याबरोबर स्टडच फिरून बाहेर आला, पण मोडला नाही. त्याच्या भोकातून पाणी आलं, म्हणजे तो स्टड थेट पाण्यात उघडतो, परत बसवताना आट्यांना सीलंट लावलं.

फ्लँज काचेवर ठेवला तर बोटानं डुगडुगला. ताई, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच, पहिल्या शंभर फेऱ्यांत फक्त कान चमकायला लागले. तास-दीड तास लागला. मुलगी शेजारी बसून रेघा मारून देत होती. ग्लँडमधून निघालेली दोरी म्हणजे नुसता कोळसा, पाणी मारून काढली. पंपाच्या दुकानातून वीतभर ग्राफाइटची आणली, दुकानदारानं पैसे घेतले नाहीत, कशाला हवीय ऐकून स्वतःच गाडी बघायला आला. खालची वायसर ईपीडीएमच्या पट्टीतून कापली.

बसवायच्या आधी तपासलं. कॉकच्या एका तोंडाला पाइप लावून त्याला सायकलचा पंप, दुसऱ्या तोंडावर अंगठा, आणि कॉक बादलीत बुडवला, पंक्चरवाला ट्यूब बघतो तसा. दांडीपाशी एक बुडबुडा आला, नट किंचित आवळला, गेला. मग कॉक बंद करून अंगठा काढला, एकही नाही.

गाडीवर चढवला, पाणी भरलं, चालू केली. गळती शून्य, पण हीटर गारच! जीव खाली-वर झाला.

१२३_डिझेल | शनिवार, रात्री ११:२०

हवा अडकलीय. गार झाल्यावर कॉक पूर्ण उघडा ठेवून हीटरचा परतीचा पाइप वरच्या बाजूला सैल करा, पाणी यायला लागलं की क्लिप आवळा. मग रेडिएटर परत भरा.

मार्कटू_सातारा | रविवार, सकाळी ८:१०

तेच होतं. सैल केल्यावर सूं करून हवा गेली, मग पाणी. आता गरम हवा येतेय.

घाटवाट | रविवार, सकाळी ९:००

अभिनंदन. मी माझं म्हणणं अर्धं मागं घेतो, अर्धं ठेवतो. डिकीत परतीच्या पाइपाला मारायला एक बूच, दोन क्लिपा आणि हेडला मारायची एक पट्टी पॅकिंगसकट तयार ठेवा. काही झालंच तर घाटात वीस मिनिटांत बायपास होईल.

ग्लँडदोरी | रविवार, सकाळी ९:२०

हे मात्र शंभर टक्के करा. आणि दर महिन्याला कॉक एकदा पूर्ण बंद-उघड करत जा, एकाच जागी राहिला की दांडीवर क्षार बसतात आणि तेच दोरीला कापतात.

मार्कटू_सातारा | पुढचा रविवार, रात्री ८:४५

डिसेंबरची वाट न बघता आज वाईवरून पाचगणीपर्यंत जाऊन आलो, ट्रायल म्हणून. पट्टी, बूच, क्लिपा डिकीत होत्या, लागल्या नाहीत. पसरणी घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढलो, काटा मधेच. वर धुकं नव्हतं पण गारवा चांगला होता, मी कॉक घरूनच उघडून निघालो होतो. आई पुढं बसलेली, तिनं डॅशबोर्डच्या खाली हात धरला आणि म्हणाली, तुझे अण्णा रात्री व्हिजिटवरून यायचे तेव्हा गाडीत असंच ऊबदार असायचं. मग मावशीला फोन लावून तारीख पक्की करून टाकली.

आल्यावर फरशीवर पुठ्ठा टाकलाय, चार तास झाले, कोरडा आहे.

केबलवाला | पुढचा रविवार, रात्री ९:१५

फार छान. कॉक हाताशी असताना स्टडमधलं अंतर मोजलं होतं का? माझी मार्क थ्री आहे, तिला पट्टी आहे, हीटर बसवायचं मनात आलंय.

मार्कटू_सातारा | पुढचा रविवार, रात्री ९:३०

कापलेल्या पॅकिंगचा एक जादा तुकडा ठेवलाय, तो कागदावर ठेवून आखतो आणि माप घालून फोटो टाकतो उद्या.